कचरूचा सोमवार

इंदूर, छत्रीबाग
१६ सप्टेंबर २०२५

सुलोचना,

सलाम मागाहून घे, आधी ऐक. फोनवर मला तुझं काही कळत नाही, कानातलं मशीन शिट्ट्या मारतं. मंजुषाला मध्ये घातलं तर ती अर्धं गाळून सांगते. सून आहे, गाळणारच. म्हणून लिहिते. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

तुझ्या लाडक्या भावाचं लिहायचंय. त्याची मीरा गेली आणि कचरू माझ्याकडे राहायला आला, मी काही म्हटलं नाही. तू जालन्याहून त्याला पोस्टाने बायबलचे धडे पाठवलेस, तेव्हाही गप्प राहिले. म्हटलं, म्हातारा वाचत बसतोय तर बरंच आहे. आता तो तुझ्यासारखाच पक्का शनिवारवाला झालाय. अख्खा जन्म आपल्या चर्चमध्ये रविवारची घंटा याने वाजवली, आणि आता मलाच शिकवतो, "अक्का, रविवार माणसांनी ठरवला. देवाचा दिवस शनिवार." मी म्हटलं, मग इतकी वर्षं काय वाजवत होतास, थाळी?

शुक्रवारी संध्याकाळीच दाढी, बूट-पॉलिश, उद्याचं खाणं, सगळं उरकतो आणि शनिवारी पलंगावरून हलत नाही. बरं, नको हलू. पण रविवारी आम्ही तयार होऊन निघालो की याला नेमका कूलर उघडायचा असतो. मागच्या रविवारी पाळकबाई घरी प्रार्थनेला आल्या, तर हा अंगणात हातोडी घेऊन खुर्चीचे पाय ठोकत होता. चहा बंद केला. मटण बंद केलं. आमच्या ताटाकडे असा बघतो जसं आम्ही शेजाऱ्यालाच कापून शिजवलंय. किळस येते मला या सोवळेपणाची. आपल्या आज्याने सोवळं-ओवळं सुटावं म्हणून धर्म बदलला, आणि यांनी दुसरं शोधून आणलं.

आणि ते तुझं कार्ड! कोणत्या शुक्रवारी सूर्य किती वाजता बुडून तुमचा शब्बाथ, तो कामबंदीचा दिवस, लागणार, ते छापलेलं. फ्रिजवर चिकटवलंय त्याने. अगं, कार्ड पुण्याचं आहे. इंदूरचा सूर्य पुण्याला विचारून बुडतो का? थंडीत इकडे तो चांगलाच आधी जातो. मी गच्चीवर कपडे काढताना माझ्या डोळ्यांनी बघते, सूर्य गेला, आणि खाली हा शहाणा कार्ड बघून अजून बुटांना ब्रश मारतोय. शुक्रवारच्या शुक्रवारी शब्बाथ मोडतो आणि त्याला पत्ता नाही. मी सांगणार नाही. माझी तेवढीच करमणूक आहे.

आता कामाचं. त्याचं हृदय कामातून गेलंय. पलासियाच्या डॉक्टरने मला बाहेर बसवून मंजुषाला सांगितलं, आणि तिने पहिल्यांदाच काही न गाळता मला सांगितलं. कचरूलाही माहीत आहे. त्याचं एकच मागणं आहे, मीराजवळ पुरा. आपल्यात नवरा-बायकोला शेजारी-शेजारी पुरतात, तू जाणतेस. पण कब्रस्तान आपल्या चर्चच्या कमिटीचं, आणि तिचा सेक्रेटरी विपुल, जो लहानपणी माझ्यासमोर चड्डीत फिरला, तो म्हणतो, "आजी, अंकल तो अब अपने मेंबर ही नहीं हैं. एका पहिल्या रविवारी येऊन प्रभुभोजन घेतलं, तर नाव परत चढवतो." भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. तेवढ्यावर जागा मिळते.

कचरू नाही म्हणतो. माझं ऐकत नाही. तुझं ऐकतो. लिही त्याला.

जनाअक्का

*

जालना
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

प्रभूच्या नावाने तुला, मंजुषाला आणि कचरूला सलाम.

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कचरूला मी ओढलं नाही, अक्का. मीरावहिनी गेल्यावर तो फार एकटा पडला होता. वचन त्याने स्वतः वाचलं आणि स्वतः ठरवलं. शब्बाथ पाळायची चौथी आज्ञा दगडावर लिहिलेली आहे. ती बदलायला ना तुझी कमिटी पुरेशी आहे ना माझं प्रेम.

कार्डाचं म्हणशील तर आमची मंडळी वर्षानुवर्षं तेच वापरते. देव घड्याळ पाहत नाही, मन पाहतो.

जागेची एवढी चिंता का करतेस? माती ती माती. पुनरुत्थानाच्या दिवशी कोण कुठे निजलं होतं हे कुणी विचारणार नाही. एका तुकड्यासाठी त्याने स्वतःला खोटं ठरवावं, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

गुडघे फार दुखतात. दिवाळीनंतर आमचा अंकुर मला इंदूरला आणीन म्हणतो. बघू.

तुझी,
सुलू

*

इंदूर
७ ऑक्टोबर २०२५

सुलोचना,

माती ती माती म्हणतेस. मग तुझ्या नवऱ्याच्या मातीवर संगमरवर कशाला घातलास? नाव सोनेरी अक्षरांत कशाला खोदलंस? मी आले होते तेव्हा तूच हात धरून दाखवायला नेलं होतंस. दुसऱ्याचा माणूस असला की माती, आपला असला की संगमरवर.

परवाच्या शनिवारी मी तुमच्या लोकांत जाऊन आले. हौस नव्हती. कचरूला आता जिना एकट्याने चढवत नाही, आणि यांची सभा विजय नगरात दुसऱ्या मजल्यावर, खाली कोचिंग क्लास. मंजुषाला कामावर जायचं होतं, म्हणून मीच रिक्षाने नेलं. लोक वाईट नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. गाणी तर आपलीच. मी म्हटलं, चला, दीड तासाचा प्रश्न आहे.

मग त्यांचं प्रभुभोजन निघालं. त्याच्या आधी म्हणे एकमेकांचे पाय धुवायचे! बाया एका खोलीत, बाप्ये दुसऱ्या खोलीत. प्लास्टिकचे टब मांडलेले, निळे, कपडे भिजवायला असतात तसले. एक चांगली शिकलेली पोरगी, गळ्यात कंपनीचा पट्टा, माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. "आजी, पाँव दीजिए ना." मी म्हटलं, का गं, मला पोलिओ झालाय? माझे पाय मी घरी धुऊन आलेय. तिने हात पुढे केला तसे मी पाय साडीत ओढून घेतले. शेजारी एका बाईच्या टाचेच्या भेगा, त्यातली काळी घाण पाण्यात उतरते आहे, आणि धुणारी डोळे मिटून प्रार्थना करते आहे. मी तिथून उठले. बाहेर जिन्यात येऊन बसले.

तिथून बाप्यांची खोली दिसत होती. कचरूचे पाय एक जाडा माणूस धूत होता, कुठल्याशा बँकेत साहेब आहे म्हणे. आपला कचरू आंघोळीला बसवलेल्या म्हशीसारखा निवांत. पाय किती सुजलेत त्याचे, घरी मोज्यांत कळलंच नव्हतं.

रिक्षात मी म्हटलं, परक्याकडून पाय धुऊन घ्यायला लाज नाही वाटत, आणि आपल्या चर्चमध्ये तुकडा खायला वाटते? तर म्हणाला, "अक्का, चाळीस वर्षं घंटा वाजवली. माझ्या पायांकडे तिथे कुणी बघितलं नाही."

ते खरं असेल. पण जागा त्या जाड्या साहेबाकडे नाही ना. तुमच्या लोकांना इंदुरात स्वतःचं कब्रस्तान नाही. जागा विपुलच्या कमिटीकडे आहे. कचरू वेडा आहे, तू तर शहाणी आहेस. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार दोन तारखेला आहे. त्याच्या आत लिही.

जनाअक्का

*

जालना
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,

सलाम.

तुझं म्हणणं कळलं. कचरूला आजच लिहिते आहे. तू काळजी करू नकोस, त्याचं चांगलं होईल असंच लिहीन.

संगमरवर अंकुरने घातला. मी नको म्हणत होते.

तुझी,
सुलू

*

इंदूर
१८ नोव्हेंबर २०२५

सुलोचना,

कचरू काल मातीत गेला. गेला म्हणजे शुक्रवारी. मातीत गेला सोमवारी. मधलं सगळं तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले. अंकुरने फोनवर मंजुषाला सांगितलं, "आई शब्बाथला प्रवास करत नाही." ठीक. मग शनिवारी रात्री बस नव्हती? रविवारी नव्हती? तुझा भाऊ तीन दिवस बर्फासारख्या पेटीत पडून होता, जालन्याहून माणूस पायी आला असता.

पहिल्यापासून सांगते. तुझं पत्र आलं, मला वाटलं काम झालं. दोन तारखेला सकाळी मी त्याचा पांढरा सदरा मंजुषाकडून इस्त्री करून घेतला. तो पलंगावर बसला, सदरा मांडीवर घेतला आणि म्हणाला, "सुलूने लिहिलंय, टिकून राहा. मी नाही येत." असं लिहिलंस तू! मी तुला वाट दाखवायला सांगितली आणि तू त्याला खिळा मारून ठेवलास. सदरा मी परत कपाटात टाकला. तोच शेवटी त्याला घातला, घडी मोडायचीच होती.

चौदा तारखेला संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली तो अंगणात बूट घेऊन बसलेला. मी खाली आले तर भिंतीला टेकून होता, एका बुटात हात घातलेला, ब्रश पलीकडे पडलेला. गल्लीतला डॉक्टर आला, बघून गेला.

तुमचे पाळक समीर आले. दारातच म्हणाले, "आंटी, शब्बाथ सुरू झालाय. उद्या सूर्यास्तानंतर आम्ही सगळं करू." मी म्हटलं, उद्या सूर्यास्तानंतर कब्रस्तानाला कुलूप असतं, अंधारात उंदीर पुरणार का? मग विपुल आला. तो म्हणे, "मेंबर नाही ना आजी, कमिटीला विचारावं लागेल. मीटिंग रविवारी चर्चनंतर." आणि रविवारी? "रविवारी आपल्याकडे कुदळ चालत नाही, तुम्हाला तो पता है." एकाचा शनिवार, दुसऱ्याचा रविवार, आणि मधल्या मध्ये माझा भाऊ.

भाड्याची पेटी आणली. तिची मोटर रात्रभर घरघरत होती. शनिवारी दोनदा लाइट गेली. पेटीतून पाणी ठिबकायचं, पलंगाखाली जायचं, मी फडकं घेऊन पुसत होते. वासाचं लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. दोन्हीकडचे लोक येत होते. रविवारवाले चहा प्यायचे, शनिवारवाले गरम पाणी प्यायचे, आणि सगळे म्हणायचे, शांत दिसतोय. अरे, पेटीत घातलं तर मीही शांत दिसेन! एकालाही सुचलं नाही की बाबांनो, आपण चार जण आहोत, उचलू या. मला माणसांची एवढी शिसारी कधी आली नव्हती.

रविवारी कमिटीने नाही म्हटलं. विपुल बूट बाहेर काढून, हात जोडून सांगायला आला. म्हटलं, बस, चहा घे. पेटीकडे तोंड करून बस. घेतला नाही त्याने.

मग आंघोळ. बाप्ये सोमवारी येणार होते, पण मला कुणाची वाट बघायची नव्हती. मंजुषा आणि मी, दोघींनीच केलं. ती घाबरते मढ्याला, तरी उभी राहिली. पाय मी धुतले. ती म्हणाली, "आई, राहू द्या, पुसून घेऊ." मी म्हटलं, त्याला धुतलेले आवडायचे. तिकडे टब होता, इकडे बादली. काळे-निळे पडले होते, नखं वाढलेली. नखंही काढली.

सोमवारी उजाडताच मी मंजुषाच्या स्कूटरवर मागे बसून कब्रस्तानात गेले. खणणारा चूल पेटवत होता. मी म्हटलं, जनाबाईची जागा खण. तुला ठाऊक आहे, मीरा आणि तुझे दाजी यांच्या मधली जागा माझी राखलेली आहे. नवी जागा असती तर त्याने कमिटीची चिठ्ठी मागितली असती, राखलेल्या जागेला कोण मागतो? त्याला माझं तोंड माहीत नव्हतं, नाव माहीत होतं. बिचारा म्हणाला, "अरे, अम्माजी चली गईं? अच्छी थीं." मी म्हटलं, काही एवढी चांगली नव्हती, तू खण.

विपुल आणि कमिटीचे दोघे धावत आले तोवर खड्डा कमरेइतका झाला होता. "आजी, हे चालणार नाही. ही जागा तुमच्या नावावर आहे." मी म्हटलं, माझ्या नावावर आहे म्हणूनच खणतेय, तुझ्या नावावर असती तर तुला विचारलं असतं. नको तर बुजवा. सांग त्याला, बुजव म्हणून.

आणि तिथे सगळे थिजले, सुलोचना. उघडी कबर रिकामी बुजवायची नसते, ती दुसरं माणूस मागते, हे आपल्यात लहानपणापासून सांगतात. पाळक शिकवत नाहीत, तरी सगळ्यांच्या हाडात आहे. विपुल खणणाऱ्याकडे बघतो, खणणारा कमिटीकडे, कमिटी माझ्याकडे. बुजव म्हणायला एकाची जीभ उचलेना. म्हटल्याबरोबर घरातलं कोण जाईल, ही धास्ती. तीन दिवस यांना देव अडवत होता, एका खड्ड्याने सगळे सुटले. थू!

शेवटी विपुल हळूच म्हणाला, "मग तुम्ही कुठे जाणार आजी?" मी म्हटलं, मेल्यावर बघू. तुमची मीटिंग असतेच.

दुपारी नेलं. पेटीवाला पेटी परत मागायला दारात उभा, आणि कचऱ्याची गाडी गाणं लावून गल्लीत शिरली, तिला वाट द्यायला आम्ही भिंतीला लागलो. या शहरात कचरा एक दिवस थांबत नाही. कचरू थांबला. तुमचा जाडा साहेब आणि विपुल एकाच बाजूला खांदा द्यायला आले, उंची जमेना. दोन्ही पाळकांनी प्रार्थना केली, एक बोलताना दुसरा चपलांकडे बघत होता. सोमवार कुणाचाच नव्हता, म्हणून निभावलं.

आता मीरा एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला तुझे दाजी, ज्यांच्याशी त्याचं जन्मात पटलं नाही. तेवढं सोसेल.

जना

*

जालना
२ डिसेंबर २०२५

अक्का,

तुझं पत्र मी अंकुरला वाचू दिलं नाही.

मी आले नाही, त्याचं कारण शब्बाथ नव्हता, गुडघेही नव्हते. तुझ्या दारात मला उभं राहवलं नसतं. आपल्या सगळ्या घराण्यात मी एकटी शनिवारी बसत होते. लग्नात, बारशात, नाताळात, सगळीकडे तुम्ही मला हसायचात. इतक्या वर्षांनी एक माणूस माझ्या बाजूला येऊन बसला. तो एका तुकड्यासाठी परत तुमच्याकडे गेला असता, तर मी पुन्हा एकटी. ते मला नको होतं. मी लिहिलं ते देवासाठी लिहिलं, असं त्या दिवशी वाटलं होतं.

एक विचारते, रागावू नकोस. तो गेला तेव्हा सूर्य होता का? बूट हातात होता म्हणतेस. तुझं ते कार्डाचं पहिलं पत्र मी परत काढून वाचलं. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्याच कार्डाने त्याचा शेवटचा शब्बाथ मोडला का?

आणि तुझ्या जागेचं काय? इथे माझ्या राखलेल्या कबरीच्या जागेशेजारी एक जागा आहे. मंडळीत विचारू का?

सुलू

*

इंदूर
११ डिसेंबर २०२५

सुलू,

रडणं पुरे. पत्र सगळं ओलं करून पाठवलंस, अर्धी अक्षरं मंजुषाच्या चष्म्यानेही लागेनात.

सूर्याचं विचारलंस. मी गच्चीवर होते, तेव्हा शेवटचा सूर्य टाकीमागे गेला, ते बघितलं. नेहमीसारखी हसलेही, की बघा, खाली ब्रशचा आवाज अजून येतोय. मशीन कानात नव्हतं, तरी अंगणातला तो आवाज मला यायचा. मग मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. खाली आले तेव्हा ब्रश पडलेला होता. कार्डाप्रमाणे तो शुक्रवारी गेला. आकाशाप्रमाणे शनिवारी. देव घड्याळ पाहत नाही, मन पाहतो, हे तूच मला शिकवलंस. मग आता तुझी झोप का उडाली? कचरूसाठी एक आणि तुझ्यासाठी दुसरा, असे दोन देव ठेवलेत का? तो माणूस देवासाठी बूट चमकवताना मेला. एवढ्यावर कुणी खोट काढणार असेल, तर तो देव विपुलच्या कमिटीतच शोभेल.

एकटी बसत होतीस म्हणतेस. हसायचो, खरं आहे. शनिवार पाळतेस, म्हणून तुला शनीची बायको म्हणायचो. मीच काढलं होतं ते नाव. पण त्याचा वचपा मरणाऱ्यावर काढायचा नसतो. ते मी तुला माफ केलेलं नाही, उगाच समज करून घेऊ नकोस.

कार्ड फ्रिजवर आहे. मंजुषा काढत होती, मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत राहू दे, खाली गंजाचा डाग आहे तो दिसतो. नव्या वर्षाचं पाठवशील तर पुण्याचं नको. इंदूरचं मिळत नसेल, तर पाठवूच नकोस, मी गच्चीवरून सांगेन.

कमिटीने माझ्या जागेचा विषय मीटिंगमध्ये घेतला म्हणे. भिंतीजवळ नळाखाली एक तुकडा आहे, तिथे सारखी ओल असते, तो देतो म्हणतात. जन्मभर रविवारी गेल्याचं हे बक्षीस, चिखल. मी विपुलला म्हटलं, तुझ्या सासूला दे.

तेव्हा विचार तुझ्या मंडळीत. म्हणावं, बहीण रविवारवाली आहे, मटण खाते, चहा पिते, पाय कुणाला धुऊ देत नाही. एवढं ऐकून हो म्हणाले, तर तुझ्या शेजारची जागा राखून ठेव. संगमरवर नको. आणि त्यांना सांग, शनिवार-रविवार सोडून मरायचं मी बघीन.

तुझी,
अक्का